सल्लागाराची विद्या आणि येरळेचे पाणी



सल्ला देणे हा आज एक प्रतिष्ठित व्यवसाय झाला आहे. अभियंते, हिशेबनीस, व्यवस्थापनतज्ज्ञ असे अनेक बुद्धिमान तरुण सातारा-सांगलीतून पुण्या-मुंबईस आणि परदेशी जातात व आपल्या ज्ञानाचे उत्तम मोल मिळवतात. परंतु काही वर्षांनी त्यांच्यापैकी अनेकांना एक प्रश्न छळू लागतो : या विद्येचा समाजाला उपयोग काय? त्यासाठी व्यवसायाचा त्यागच करावा लागतो का? याचे उत्तर येरळा नदीच्या काठी सापडते.

येरळा साताऱ्याच्या खटाव तालुक्यात उगम पावते आणि सांगली जिल्ह्यात ब्रह्मनाळजवळ कृष्णेस मिळते. तिचे खोरे अवर्षणप्रवण आहे. येथील असंख्य घरांतील कर्ते पुरुष मुंबईच्या गिरण्यांत राबत. 1982 च्या संपानंतर त्यांतील अनेक जण गावी परतले. गावी दुष्काळ होता, आणि नदीच्या पात्रातील वाळू मात्र ठेकेदारांच्या गाड्यांतून बाहेर जात होती. वाळू गेली की पात्रात मुरणारे पाणी जाते व काठच्या विहिरी आटतात, हे शेतकऱ्यांनी अनुभवाने ओळखले होते.

डॉ. भारत पाटणकर यांच्या नेतृत्वाखालील मुक्ती संघर्ष चळवळीने हा प्रश्न हाती घेतला. पाटणकर शिक्षणाने वैद्यक. त्यांचे आईवडील इंदुताई व बाबूजी पाटणकर हे प्रतिसरकारच्या लढ्यातील सेनानी. बलवडी व तांदुळवाडी या गावांच्या शेतकऱ्यांनी ठरविले की, वाळूचा मर्यादित भाग स्वतः विकून त्या पैशातून स्वतःचे धरण बांधायचे. त्यासाठी शासनाशी झगडावे लागले. अखेर 1980 च्या दशकात लोकांच्या श्रमातून ‘बळीराजा स्मृती धरण’ उभे राहिले.

निर्धार लोकांचा होता. पण निर्धाराने भिंत उभी राहत नाही. तेथे शास्त्र लागते. ते शास्त्र घेऊन आलेल्यांत के. आर. दाते हे अग्रणी होते. दाते हे मुंबईतील नामवंत सल्लागार अभियंता. मऊ जमिनीत भक्कम पाया कसा घालावा, या विषयावरील त्यांचे लेखन अभियांत्रिकीच्या क्षेत्रात मान्यता पावलेले. मोठमोठ्या बांधकामांसाठी वापरावयाची विद्या त्यांनी दुष्काळी शेतकऱ्यांच्या कामी लावली.

येथे ध्यानात घेण्याजोगी गोष्ट निराळीच आहे. धरणात पाणी किती साठेल, एवढे सांगून तज्ज्ञाचे काम संपले असते. परंतु ‘हे पाणी कोणाचे?’ हाही प्रश्न आराखड्यात आला. जमीन कितीही असो, प्रत्येक कुटुंबास पाण्याचा समान वाटा, भूमिहीनांनाही वाटा, आणि उसाला पाणी नाही, असे सूत्र ठरले. कुटुंबाला अन्न, चारा व जळण किती लागते, येथून हिशेब सुरू झाला. उसाच्या मुलखात हे ठरविणे सोपे नव्हते.

पुढे 1991 साली पुण्यात ‘सोपेकॉम’ ही संस्था स्थापन झाली. तिच्या स्थापनेत दाते यांचा पुढाकार होता. सुहास परांजपे, के. जे. जॉय यांच्यासारख्या सहकाऱ्यांसह त्यांनी पाण्याच्या न्याय्य वाटपाचा विचार शास्त्रीय पायावर मांडला. एका धरणाचा अनुभव असा अभ्यासाचा विषय झाला.

मित्रहो, या उदाहरणाचा अर्थ एवढाच की, सल्लागाराने आपली विद्या टाकून गावी जायचे नसते. ती सोबत घेऊन जायचे असते. झाडू मारण्याचे श्रमदान आदरणीयच आहे. परंतु ज्याला ताळेबंद वाचता येतो, त्याने गावच्या सोसायटीचा ताळेबंद सभासदांना समजेल असा मांडून दाखवावा. ज्याला पंपाचे गणित येते, त्याने उपसा सिंचन योजनेचे वीजबिल का थकते ते शोधावे. गावकऱ्यांनीही अशा तज्ज्ञास हार घालून परत न पाठवता, त्याच्यापुढे आपला खरा प्रश्न ठेवावा.

पैसा देणाऱ्यालाच सल्ला मिळतो, हा बाजाराचा नियम झाला. ज्याला सल्ल्याची सर्वाधिक गरज आहे त्याच्यापाशी बहुधा पैसा नसतो. हे अंतर आपल्या आठवड्यातील काही तास देऊन जो भरून काढील, त्याला आपल्या व्यवसायाचे प्रयोजन अन्यत्र शोधावे लागणार नाही.