पावसावाऱ्यात सायकल

मंडळी, मिरग लागला की सायकलवाल्याचे हाल सुरू होतात. समोरून वारा आला की पायडल जड होतं. उगाच जोर करू नका. वाकून बसा, सावकाश चला. घरूनच जरा लवकर निघा.

छत्री मात्र नको! मी एकदा एका हातात छत्री धरून, दुधाची किटली घेऊन निघालो. वाऱ्याचा झोत आला. छत्री उलटली, मी खड्ड्यात अन् दूध रस्त्यावर.

ओल्या रिमवर ब्रेक लगेच धरत नाही. उताराच्या आधीपासूनच दोन्ही ब्रेक हळूहळू दाबत राहा. रबरानं पाणी पुसलं जातं, मग पकड येते.

अन् ओढ्याच्या फरशीवरून पाणी वाहत असेल तर? खाली उतरा, अलीकडेच थांबा. कामाचा खाडा पडला तर पडू द्या.