आपल्या ओट्यावरचे पाणी



पेण आणि रोहा तालुक्यांतील आपणां सर्वांना महाड परके नाही. ते आपल्याच जिल्ह्यातले. तेथे २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. त्या तळ्याच्या दाव्याचा निकाल मुंबई उच्च न्यायालयात लागावयास १९३७ साल उजाडले. आपल्या वाडवडिलांनी मागितली होती ती माणुसकीची बरोबरी.

आता मी वकील या नात्याने तुम्हांसच एक प्रश्न विचारतो. कातकरी भगिनी तुमच्या ओट्याशी पाणी मागावयास आली, तर तिच्या ओंजळीत तुम्ही वरून पाणी ओतता, की आपलाच तांब्या तिच्या हाती देता?

घटनेच्या १७ व्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली, १९५५ च्या कायद्याने ती पाळणे हा अपराध ठरविला. उचलीपायी वीटभट्टीवर अडकलेल्या मजुरासाठी १९७६ चा वेठबिगारी निर्मूलनाचा कायदा आहे. परंतु कायदा फिर्यादीनंतर जागा होतो. तुमच्या ओट्यावर बहुधा फिर्यादी नसतो, साक्षीदारही नसतो. तेथे केवळ तुमचे शील असते.

नागपुरास १९५६ साली दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत समतेची प्रतिज्ञा आहे. ती वरच्यांकडून मान मिळविण्यापुरती नव्हे. म्हणून कातकरी मजुरास अरेतुरे करू नका. त्याची मजुरी ठरल्या दिवशी द्या. त्याच्या लेकरास आपल्या लेकराच्या पंक्तीस बसवा. धम्म स्वीकारल्याची खूण शेजाऱ्यास अशीच पटेल.

जय भीम!