नाही म्हणणाऱ्याचं वजन



व्याख्यानमालेत सभ्यता राखणं सोपं असतं. एक जण बोलतो, बाकीचे ऐकून घेतात आणि जे पटलं नाही ते घरी जाताना रस्त्यात बोललं जातं. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ मध्ये पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली, तेव्हापासून ही रीत चालत आली आहे. अडचण येते ती सगळ्यांनाच बोलायचं असतं तेव्हा.

त्यासाठी चंद्रपूरकरांना लांब जायला नको. ताडोबाच्या बाजूच्या एखाद्या गावात वाघानं बाईला मारल्याची बातमी आली की तासाभरात दोन फळ्या तयार होतात. एक म्हणते, घाला गोळी. दुसरी म्हणते, जंगलात मरायला गेलीच कशाला. ती बाई मोह वेचायला गेली होती की सरपणाला, हे विचारायची तसदी कुठलीच फळी घेत नाही. मग कुणीतरी समंजस माणूस नियम काढतो: अपशब्द नकोत, व्यक्तिगत नको, राजकारण नको. चार दिवस बरे जातात. पुढची बातमी आली की नियमासकट सगळं वाहून जातं.

हे नियम निरुपयोगी आहेत असं मी म्हणत नाही. पण ते बोलणाऱ्याच्या तोंडाला लावलेले असतात, आणि माझ्या मते दुखणं कानात आहे. आपल्या बोलण्यानं काही ठरणार नाही हे ज्याला पक्कं ठाऊक असतं, त्याला शब्द जपून वापरायचं कारणच उरत नाही. त्याच्या विरोधाला काही किंमत आली, तर बोलणं बदलतं का? गडचिरोली जिल्ह्यातल्या एका छोट्या गावानं या प्रश्नाचं उत्तर चाळीसेक वर्षं रोजच्या कारभारातून दिलं आहे.

धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा). गोंडांचं गाव, शंभरेक घरं, भोवती जंगल. ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा तुम्ही भिंतींवर वाचली असेल. तिच्यामुळे गावाचं नाव झालं. पण माझ्या आजच्या विषयाच्या दृष्टीनं घोषणेपेक्षा तिथली बैठक महत्त्वाची आहे. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला इचंपल्ली आणि भोपालपट्टणमच्या धरणांविरुद्ध या भागात मोठं आंदोलन झालं. त्या वाऱ्यात देवाजी तोफा आणि गावातली इतर माणसं घडली. चंद्रपूरचे कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल तिथे गेले ते शिकवायला कमी आणि शिकायला जास्त. मिलिंद बोकिलांच्या ‘गोष्ट मेंढा गावाची’ या पुस्तकात हा सगळा इतिहास आला आहे. तो मी इथे पुन्हा सांगत बसत नाही.

बैठकीची रीत मात्र नीट पाहू. गावात बोलायच्या जागा दोन. पहिली अभ्यास गटाची. तिथे कुणीही यावं, बाहेरच्या पाहुण्यानंही यावं, वाटेल ती शंका काढावी. कायदा वाचावा, मधमाशांना न मारता मध कसा काढता येईल यावर खल करावा. इथे निर्णय घ्यायचा नाही, हा त्या जागेचा नियम. दुसरी जागा ग्रामसभेची. तिथे फक्त गावचे स्त्री-पुरुष, आणि तिथे ठरतं. ठरतं ते सर्वसहमतीनं. हात वर करून मोजणी नाही. एकानं जरी नाही म्हटलं, तरी विषय पुढच्या बैठकीला जातो. तिथेही तो नाहीच म्हणाला, तर आणखी पुढे.

पहिल्यांदा ऐकलं की हे वेळखाऊ आणि भाबडं वाटतं. पण या रचनेनं माणसाच्या वागण्याचं काय होतं ते बघा. अभ्यास गटात काही जिंकायचं किंवा हरायचं नसतं, त्यामुळे ‘मला हे कळलं नाही’ असं म्हणायला कुणाची इज्जत जात नाही. आपल्याकडच्या बहुतेक भांडणांत माणूस मत बदलायला तयार असतो, पण चारचौघांत बदलायला तयार नसतो. त्याला निर्णयाआधी मत चाचपून पाहायची जागाच आपण ठेवत नाही. आणि ग्रामसभेत, जो नाही म्हणतो आहे त्याला बाकीच्यांनी समजून घेतल्याशिवाय गाडं पुढे सरकत नाही. बहुमताच्या सभेत विरोधकाची नुसती संख्या मोजली की भागतं. इथे त्याचं कारण विचारावं लागतं. ज्याच्याकडे कारण विचारत शंभर घरं येतात, त्याला ओरडायची गरज पडत नाही. उलट त्याच्यावर एक ओझं येतं: उद्या पुन्हा नाही म्हणायचं तर काहीतरी धड सांगावं लागेल.

मेंढ्यात दारूचा प्रश्न याच वाटेनं गेला. बायकांनी तो लावून धरला. पण गोंडांच्या पूजेत दारूला स्थान आहे, त्यामुळे विरोध नुसता पिणाऱ्यांचा नव्हता, श्रद्धेचाही होता. चर्चा लांबत गेली आणि शेवटी पूजेपुरती सूट ठेवून बंदी ठरली. याच्याशेजारी आपल्या चंद्रपूर जिल्ह्याची दारूबंदी ठेवून बघा. २०१० च्या डिसेंबरात चिमूरहून नागपूरच्या विधानभवनावर बायका चालत गेल्या, २०१५ च्या एप्रिलपासून बंदी लागू झाली, २०२१ मध्ये मंत्रिमंडळानं ती उठवली. बंदी चूक की बरोबर, यावर या सभागृहातच दोन तट पडतील. मला दिसतं ते एवढंच, की दोन्ही वेळा निर्णय मुंबईत झाला आणि दोन्ही वेळा एक बाजू जिंकली म्हणून फटाके वाजले. हरलेल्याचं म्हणणं काय होतं, ते जाणून घ्यायची कुणालाच गरज पडली नाही.

याहून ठसठशीत फरक कायद्यातच लिहून ठेवलेला आहे. प्रकल्पांच्या पर्यावरणीय जनसुनावणीचे नियम सप्टेंबर २००६ च्या अधिसूचनेत आहेत. जिल्हाधिकारी किंवा त्यांचे प्रतिनिधी अध्यक्षस्थानी, सगळ्याचं चित्रीकरण, इतिवृत्त; आणि गणपूर्तीची मात्र अट नाही. चार माणसं आली तरी सुनावणी झाली. त्याच वर्षीचा वनहक्क कायदा घ्या. त्याच्या नियमांत २०१२ मध्ये दुरुस्ती झाली, तेव्हापासून ग्रामसभेला निम्म्या सदस्यांची हजेरी लागते आणि हजर असलेल्यांत एकतृतीयांश तरी बाया असाव्या लागतात. सुरजागडच्या लोहखाणीच्या विस्ताराची जनसुनावणी २०२२ मध्ये झाली, तीही खाण असलेला एटापल्ली तालुका सोडून गडचिरोली शहरात. जनसुनावण्यांत आरडाओरडा होतो, माइक ओढले जातात, अशी तक्रार अधिकारी नेहमी करतात. खरी असेल. पण मत नोंदवून घेतलं जाईल, मोजलं जाणार नाही, अशा जागी बोलावलेल्या माणसानं शांत का राहावं, हे मला अजून कुणी पटवून दिलेलं नाही.

आता उलट बाजू, कारण ‘सगळ्यांचं एकमत’ हे शब्द ऐकून मला आनंदाआधी धास्ती वाटते. २०२१ च्या ऑगस्टमध्ये आपल्याच जिल्ह्यात, जिवती तालुक्यातल्या एका गावात, जादूटोण्याच्या संशयावरून दलित कुटुंबांतल्या माणसांना, त्यात म्हाताऱ्या बायाही होत्या, भर चौकात बांधून मारहाण केली गेली. अडवायला कोण पुढे आलं? जातपंचायतींची एकमतंही आपल्याला ठाऊक आहेत. ती मोडण्यासाठी महाराष्ट्राला २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध वेगळा कायदा करावा लागला. तेव्हा गाव एका सुरात बोलतं यात कौतुकाचं काही नाही. बघायचं ते हे, की वेगळा सूर काढणाऱ्याचं दुसऱ्या दिवशी काय होतं. जातपंचायत त्याला वाळीत टाकते. मेंढ्याची सभा त्याच्यासाठी विषय पुढे ढकलते.

तरीही एक शंका मेंढ्याबाबतही उरतेच. लहान गाव, सगळे एकमेकांचे सोयरे. नाही म्हणायची मुभा असली तरी थोरल्या काकांसमोर नवी सून ती वापरेल का? गप्प बसलेल्याला सहमत धरायचं का? बैठक चालवणाऱ्याचं सगळं कसब इथे लागतं. सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये उभ्या राहिलेल्या क्वेकर पंथाच्या सभाही मतदान करत नाहीत. त्यांचा लेखनिक सभेचा कल ओळखून तो मोठ्यानं वाचतो आणि कुणाला तो चुकीचा वाटतो का, ते विचारतो. वाचून दाखवल्यावर मान हलवणं जरा अवघड होतं, एवढाच त्यात फायदा. पण तो छोटा नाही.

आणि नाही म्हणणाऱ्याला अमर्याद ताकद दिली तर काय होतं, ते पोलंडनं भोगलं. तिथल्या संसदेत एका सदस्याच्या नकारानं अख्खं अधिवेशन मोडायचं. १६५२ मध्ये ही प्रथा पहिल्यांदा वापरली गेली. पुढे शेजारची राज्यं असा एखादा सदस्य सरळ विकत घेऊ लागली. १७९१ च्या राज्यघटनेनं ती बंद केली, तोवर उशीर झाला होता. त्या सदस्याला नाही म्हटल्यावर पुन्हा त्याच माणसांसोबत धान कापायला जायचं नव्हतं. मेंढ्यात जावं लागतं. सर्वसहमतीचं अर्धं बळ या शेजारात आहे, आणि हेच शहरात उचलून नेता येत नाही.

गावाच्या हाती खरोखर काही असलं की या रीतीची परीक्षा होते. २००९ मध्ये मेंढ्याला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. बांबूच्या वाहतूक परवान्याचं पुस्तक मात्र वनखातं सोडेना. २७ एप्रिल २०११ रोजी तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांनी गावात येऊन ते ग्रामसभेच्या हाती दिलं. बांबूचा पैसा आला. पैसा आला की भांडणं येतात, असं इथल्या कुठल्याही सोसायटीचा सचिव सांगेल. गावानं मात्र २०१३ मध्ये आपली शेतजमीनही ग्रामसभेच्या नावे करण्याचा, म्हणजे ग्रामदानाचा निर्णय घेतला. १९६४ चा ग्रामदान कायदा लोक विसरून गेले होते. यांनी तो अभ्यास गटात वाचून काढला होता.

मोठ्या पटावर हे कितपत टिकतं, ते आता गडचिरोलीतल्याच कोरची तालुक्यात बघायला मिळतं. तिथे अनेक गावांच्या ग्रामसभांनी मिळून महाग्रामसभा केली आहे. तिथे प्रतिनिधी बसतात. प्रतिनिधीला स्वतःचं मत बदललं तरी गावाचं मत बदलून आणावं लागतं, म्हणजे प्रत्येक नकाराला दोन फेऱ्या. आणि तेंदूपत्ता कुणासाठी थांबत नाही. मे महिन्यातले जेमतेम काही आठवडे पान तोडणीला येतं, ते गेलं की वर्ष गेलं. ठेकेदाराला हे चांगलं ठाऊक असतं आणि तो घाईवरच टपलेला असतो. म्हणून भाव काय मागायचा, कुणाला द्यायचा, गावोगावची कुरबुर काय आहे, हे सगळं बोलणं थंडीतच, पानं फुटायच्या आधी उरकून ठेवावं लागतं.