एका विमान कंपनीची तीन नावे

(बंगळूर येथे मराठी भाषिक रेल्वे व टपाल कामगारांच्या अभ्यासवर्गात रेल्वे युनियनच्या सेक्रेटरींनी केलेले भाषण)



मी मॅट्रिक झालेला माणूस. रेल्वेत लागलो तेव्हा विमान फक्त डोक्यावरून जाताना पाहिले होते. म्हणून आजचा विषय माझ्याकडे आला तेव्हा मी म्हणालो, साहेब, रुळावरच्या माणसाला हवेत कशाला पाठवता? पण वाचत गेलो तसे लक्षात आले की विषय आपलाच आहे, आणि तो घडलाही याच बंगळूर शहरात.

सप्टेंबर २०१२ मध्ये केंद्र सरकारने परदेशी विमान कंपन्यांना आपल्याकडच्या विमान कंपनीत ४९ टक्क्यांपर्यंत भांडवल घालण्याची मुभा दिली. पुढच्याच महिन्यात इथली किंगफिशर बंद पडली. तिच्या कामगारांचे कित्येक महिन्यांचे पगार थकलेले होते. एक दुकान बंद होत असताना दुसऱ्याची पाटी रंगवली जात होती म्हणा ना. फेब्रुवारी २०१३ मध्ये मलेशियाच्या एअरएशियाने घोषणा केली, की आम्ही भारतात कंपनी काढतो. ४९ टक्के त्यांचे, ३० टक्के टाटा सन्सचे आणि २१ टक्के टेलेस्ट्रा नावाच्या कंपनीचे. मुख्य ठाणे बंगळूर. १२ जून २०१४ रोजी पहिले विमान इथून गोव्याला गेले, भाडे ९९० रुपये. आपल्यापैकी कित्येकांच्या मुलांनी त्या भाड्यात पहिला विमानप्रवास केला. ते मला वाईट वाटत नाही. स्वस्त तिकीट ही कामगाराच्या घरचीही गरज आहे.

टपालातल्या बंधूंना इथे एक आठवण करून देतो. टाटांचा विमानाचा धंदा मुळात तुमच्या पिशव्यांवर उभा राहिला. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटांनी कराचीहून मुंबईला विमान आणले, त्यात उतारू नव्हते, टपाल होते. १९५३ मध्ये तो धंदा सरकारने घेतला आणि २७ जानेवारी २०२२ रोजी एअर इंडिया पुन्हा टाटांकडे गेली.

परदेशी कंपनी आली याचे आपल्याला नवल नको. बोरीबंदर ते ठाणे गाडी १८५३ मध्ये धावली ती लंडनच्या कंपनीची. तिच्या भागधारकांना सरकारने ५ टक्के परताव्याची हमी दिली होती, म्हणजे कमी पडेल ते रयतेच्या खिशातून. १९२५ मध्ये सरकारने त्या रेल्वेचा कारभार हातात घेतला. एअरएशियाला अशी हमी कोणी दिलेली नव्हती, हेही खरे बोलले पाहिजे. वर्षानुवर्षे तोटा आला तो मालकांनीच सोसला. मग आपली तक्रार कशाची? सांगतो.

स्वस्त विमान स्वस्त कसे होते ते आधी पाहा. एकाच जातीची विमाने, म्हणजे सुटे भाग आणि शिक्षण एकच. एका विमानात १८० जागा. विमान उतरले की २५-३० मिनिटांत पुन्हा वर. आपला रेक पिट लाइनवर जातो, सी अँड डब्ल्यूची माणसे हात लावतात, मग फिट मिळते. तिथे उतारू उतरले की हवाई सेविका स्वतःच कचरा गोळा करतात. सामान चढवणारा, उतरवणारा बहुतेक ठिकाणी कंत्राटदाराचा माणूस. आणि आपल्याकडे लीव्ह रिझर्व्ह असतो तसा राखीव माणूस तिथे जेमतेम. तिकिटातून जे पैसे वाचतात त्यातले बरेचसे इथून निघतात.

आता मालकीचे पाहा. कायद्याने कंपनीचा ताबा भारतीयांकडे असला पाहिजे, पण विमानावरचे नाव मलेशियाचे, धंद्याची रीतही मलेशियाची. २०१८ मध्ये सीबीआयने गुन्हा नोंदवला, त्यात परदेशी भागीदाराकडे खरा ताबा होता का हाही प्रश्न होता. तो कज्जा कायदेवाल्यांचा, त्यात मी पडत नाही. डिसेंबर २०२० मध्ये कोरोनाने धंदा बसलेला असताना मलेशियाच्या कंपनीने आपले ३२.६७ टक्के भाग टाटांना विकले. त्याच वर्षी जपानमधली त्यांची कंपनीही बंद पडली होती. उरलेले भाग २०२२ मध्ये गेले. २०२३ मध्ये कंपनीचे नाव झाले एआयएक्स कनेक्ट, आणि १ ऑक्टोबर २०२४ रोजी ती एअर इंडिया एक्सप्रेसमध्ये विलीन झाली. दहा वर्षांत तीन नावे. विमाने तीच, पायलट तेच, नेमणूकपत्रावरचा मालक मात्र बदलत गेला. कामगाराने विचारले की बाप दाखव नाहीतर श्राद्ध कर, तर दाखवायला बाप कोणता?

दोन कंपन्या एक होताना काय होते हे आपल्याला सांगायला नको. २००३ मध्ये दक्षिण पश्चिम रेल्वे झाली तेव्हा आपल्याकडे ऑप्शनचे फॉर्म भरून घेतले गेले. सीनिऑरिटीवरून भांडणे झाली, पण यादी भिंतीवर लागत होती आणि तिच्यावर बोट ठेवून भांडता येत होते. एअर इंडिया एक्सप्रेसच्या केबिन क्रूची तक्रार होती की विलीनीकरणात सर्वांना सारखे वागवले जात नाही, जुने भत्ते गेले. तक्रार दिल्लीच्या कामगार आयुक्तांपर्यंत आधीच गेलेली होती. शेवटी मे २०२४ मध्ये ७ तारखेच्या रात्रीपासून दोनशेच्या वर माणसे एकदम आजारी पडली. ८ मे रोजी विमानांमागून विमाने रद्द झाली.

८ मे! बंधूंनो, १९७४ चा आपला संप ८ मेलाच सुरू झाला होता. त्यांच्यातल्या कोणाला हे ठाऊक असेल असे वाटत नाही, पण पन्नास वर्षांनी तारीख तीच आली. कंपनीने २५ जणांना काढून टाकले. ९ मे रोजी मुख्य कामगार आयुक्तांसमोर बैठक झाली आणि त्या सर्वांना परत घ्यायचे ठरले. आपल्या १९७४ च्या कित्येक बडतर्फांना १९७७ मध्ये सरकार बदलेपर्यंत थांबावे लागले. इथे दोन दिवसांत काम झाले, ते का? त्यांची संघटना कुठल्या महासंघाची आहे हे क्षणभर बाजूला ठेवा. नियमाप्रमाणे ५० जागांमागे एक केबिन क्रू लागतो. तो नसेल तर विमान हलत नाही, गार्डाशिवाय गाडी हलत नाही तसे. राखीव माणूस ठेवायचा नाही, ही मालकाची काटकसर त्या दिवशी मालकाच्याच गळ्याशी आली.

पण ही ताकद केबिन क्रूची. सामान चढवणाऱ्याचे काय? माझा भाचा एका विमानतळावर लोडर आहे. कंत्राटदार तीनदा बदलला. प्रत्येक वेळी नवे ओळखपत्र, नवी नेमणूक, ग्रॅच्युइटीची वर्षे पुन्हा पहिल्यापासून. विमानेही तीच आणि बेल्टही तोच. कंबर धरली तेव्हा त्याने मला फोन केला, ‘‘मामा, अर्ज लिहायचा आहे, पण वर नाव कुणाचे घालू?’’ मी तीस वर्षे अर्ज लिहीत आलो आहे, मला पटकन सांगता आले नाही. दोन्ही नावे घाल म्हणालो, कंत्राटदाराचेही आणि विमान कंपनीचेही, आणि पोच घेतल्याशिवाय तिथून हलू नकोस.

पोच त्याला अजून मिळालेली नाही. इथल्या विमानतळावर टपालाच्या पिशव्या देण्या-घेण्याचे काम करणारे कोणी या सभागृहात असतील, तर त्यांची रोज लोडरांशी गाठ पडते. त्यांनी वर्ग संपल्यावर मला भेटावे. इथे किती कंत्राटदार आहेत आणि कुणाकडे किती माणसे आहेत, एवढी यादी आपण आज संध्याकाळी चहाच्या वेळेत करायला घेऊ.