शिफारस करण्यापूर्वी



आपल्या मुलामुलींना नोकरी लावून देणे हे आपण साधर्मी वात्सल्यच मानतो. परंतु शिफारस करताना घराणे आणि पदवी पाहिली जाते. काम उमेदवाराला झेपेल काय, अथवा त्याच्या कुवतीला ते अपुरे पडेल काय, हे विचारावयाचे राहून जाते. हिशेबाची गोडी नसलेला मुलगा पेढीवर खतावणीस बसतो आणि वाणिज्य पदवीधर कन्या नुसत्या पावत्या फाडते. दोघेही लवकरच काम सोडतात. मालकाचा विश्वास उडतो आणि पुढच्या मुलाला ते दार बंद होते.

१९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापणारे कर्मवीर भाऊराव पाटील मॅट्रिक उत्तीर्ण नव्हते. गुणपत्रिका पाहून त्यांना कोणी कोणते काम दिले असते? किर्लोस्करांचे नांगर विकताना मात्र शेतकऱ्याशी बोलण्याची त्यांची हातोटी कामी आली.

ट्रस्टच्या नोंदवहीत पदवीशेजारी ‘प्रत्यक्ष येणारे काम’ असा रकाना वाढवावा. मालकांकडूनही दिवसभराच्या कामाचा तपशील लेखी घ्यावा. पहिले पंधरा दिवस उमेदवारीचे असावेत. जमले नाही तर त्यात कोणी नामुष्की मानू नये. (वधू-वरांच्या पत्रिका आपण याहून अधिक बारकाईने पाहतो!) युवक मंडळाने पर्युषण पर्वापूर्वी हे काम हाती घ्यावे, अशी विनंती करतो.