सोनेरी केस गडद का होतात?

(नभोवाणीवरील भाषण)



डोक्यावरचे केस पांढरे का होतात, या प्रश्नाने आपणांपैकी बहुतेकांना कधी ना कधी आरशासमोर थबकविले असेल. आज मी ज्या प्रश्नाविषयी बोलणार आहे तो याच्या नेमका उलटा आहे. स्वीडन, नॉर्वे, फिनलंड, उत्तर जर्मनी या मुलखांत जन्मणाऱ्या पुष्कळ मुलांचे केस लहानपणी सोललेल्या अंबाडीच्या वाखासारखे फिकट असतात. पण मूल शाळेत जाऊ लागले की हा रंग हळूहळू मावळू लागतो. प्रथम तो मधासारखा होतो, मग बदामाच्या सालीसारखा; आणि विशीत पोचलेल्या त्या तरुणाच्या बालपणीचे छायाचित्र पाहून 'हा तूच का?' असे विचारण्याची पाळी येते.

काळ्याभोर केसांच्या आपल्या मुलखात ही चर्चा कशाला, असे कुणी म्हणेल. परंतु इंदूर-बडोद्याच्या आणि पुण्या-बेळगावच्या कितीतरी घरांतील मुले आज परदेशी संसार थाटून बसली आहेत, आणि त्यांतील काहींच्या घरी तिकडची सून वा तिकडचा जावई आला आहे. नातवाचे भुरे जावळ कौतुकाने पाहून परतलेली आजी चार वर्षांनी पुन्हा जाते, तो नातू चांगला काळसर डोक्याने सामोरा येतो. मग कुणी आजीच्या खोबरेल तेलाला दोष देते, कुणी तिकडच्या साबणाला, कुणी पाण्याला. या आरोपींचा निवाडा आपण करूच. पण त्याआधी केस ही वस्तू काय आहे ते पाहिले पाहिजे.

डोक्याच्या कातडीबाहेर दिसणारा केस हा निर्जीव धागा असतो. त्याचा जिवंत भाग कातडीच्या आत, मुळाशी असलेल्या केशकंदात असतो. तेथे काही रंजकपेशी बसलेल्या असतात. त्या मेलॅनिन नावाच्या द्रव्याचे सूक्ष्म कण तयार करतात आणि वाढत्या केसाच्या पेशींत भरतात. हे मेलॅनिन दोन प्रकारचे. एक काळे-तपकिरी, त्याला युमेलॅनिन म्हणतात. दुसरे तांबूस-पिवळे, ते फिओमेलॅनिन. आपल्या केसांत पहिल्याची रेलचेल असते. सोनेरी केसांत निराळे असे सोनेरी द्रव्य मुळीच नसते. तेथे पहिल्याचा पुरवठा तुटपुंजा असतो, एवढेच.

यावरून एक गोष्ट ध्यानात येईल. एकदा उगवलेला केस आपण होऊन कधीच गडद होत नाही. गडद होतो तो त्याच्या मागून उगवणारा केस. केस महिन्याला सुमारे एक सेंटिमीटर वाढतो. म्हणजे एखाद्या मुलीची वेणी छत्तीस सेंटिमीटर लांब असेल, तर वेणीचे टोक तीन वर्षांपूर्वीचे आणि मूळ आजचे. त्या मुलीची वेणी टोकाला सोनेरी व मुळाशी तपकिरी दिसत असेल, तर तिच्या तीन वर्षांचा हिशेबच तिच्या पाठीवर लोंबतो आहे असे समजावे. युरोपातील आया बाळाची पहिली बट कापून पाकिटात जपून ठेवतात. ती बट चाळीस वर्षांनीही सोनेरीच निघते. केस बदललेले असतात ते बाळाच्या डोक्यावरचे.

मग मुळाशी हा बदल का घडतो? रंजकपेशींना किती काम करावयाचे याची आज्ञा आनुवंशिक घटकांतून, म्हणजे जनुकांतून येते. आणि या आज्ञा जन्मभर एकसारख्या राहत नाहीत. बाल्यात या पेशी आळसावलेल्या असतात. वय वाढते तसतशा त्या नेटाने कामाला लागतात, आणि वयात येताना अंतःस्रावी ग्रंथींत जी खळबळ होते तिच्यासरशी त्यांचे उत्पादन आणखी वाढते. आवाज फुटतो, मिसरूड येते, त्याच मालिकेतील ही एक घटना होय. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१४ साली उत्तर युरोपीय सोनेरी केसांमागील एक कारण उलगडून दाखविले. एका जनुकाला चालना देणाऱ्या दूरच्या भागात एकाच अक्षराचा फरक असतो, आणि त्यामुळे ती चालना सुमारे वीस टक्क्यांनी मंदावते. कारखाना बंद नव्हे. मुकादम थोडा मवाळ झाला, इतकेच! एवढ्या नाजूक तोलावर उभा असलेला रंग वयाबरोबर ढळावा यात नवल ते काय?

आणि हे केवळ गोऱ्यांचेच वैशिष्ट्य नव्हे. प्रशांत महासागरातील सॉलोमन बेटांवर काळ्या कांतीची पण सोनेरी केसांची माणसे आढळतात. त्यांचे कारण युरोपीयांहून अगदी वेगळ्या जनुकात आहे, हे २०१२ साली सिद्ध झाले. मध्य ऑस्ट्रेलियातील आदिवासींची पुष्कळ मुलेही लहानपणी पिंगट केसांची असतात आणि मोठेपणी काळसर होतात.

बालपणीचा हा ओसरता रंग ज्यांनी वंशाची खूण मानला, त्यांची कथा मात्र कडू आहे. रुडोल्फ फिर्खो या जर्मन वैद्यकशास्त्रज्ञाच्या पुढाकाराने जर्मनीतील सुमारे ६७ लाख शाळकरी मुलांचे केस, डोळे आणि कांती यांची नोंद झाली, आणि तिचा वृत्तांत १८८६ साली प्रसिद्ध झाला. सोनेरी केस, निळे डोळे व गोरी कांती असा अस्सल मानला जाणारा नमुना जर्मन मुलांत एक तृतीयांशाहूनही कमी भरला. आणि ज्यू मुलांतही शंभरांत सुमारे अकरा मुले याच नमुन्याची निघाली. शिवाय ही गणती मुलांची होती. तीच मुले तिशीत मोजली असती तर सोनेरी डोकी आणखी घटली असती. एवढे दाखले पुढ्यात असूनही दुसऱ्या महायुद्धाच्या काळात नाझींनी पोलंडमधील हजारो मुले केसांचा व डोळ्यांचा रंग पाहून आईबापांपासून हिरावून नेली. जो रंग त्या मुलाच्या डोक्यावर दहा वर्षे टिकेल याचा भरवसा नव्हता, त्यावर त्याचे घर कोणते हे ठरविले गेले!

आता रंग टिकविण्याविषयी. मुळाशी चाललेले काम थांबविणारे कोणतेही तेल, फूल वा साबण नाही, हे प्रथम स्पष्ट सांगतो. जे काही करता येते ते उगवून आलेल्या केसावर. आणि ते म्हणजे त्यातील मेलॅनिन नासविणे. सूर्य हे काम फुकट करतो. म्हणून उत्तरेकडील मुले उन्हाळ्यात फिकट आणि हिवाळ्यात गडद दिसतात. सोळाव्या शतकातील व्हेनिसच्या स्त्रियांनी तर या उन्हाचे शास्त्रच बनविले होते. चेझारे वेचेल्लिओ याने १५९० साली प्रसिद्ध केलेल्या वेषभूषेच्या ग्रंथात त्याचे वर्णन आहे. घराच्या छपरावर लाकडी माच्या बांधलेल्या. तेथे भर उन्हात, मधला घुमट नसलेली, नुसत्या रुंद काठाची टोपी घालून या स्त्रिया बसत, केस त्या काठावर पसरून देत आणि काठीला बांधलेल्या स्पंजाने त्यांवर द्रव चोपडीत. चेहरा सावलीत, केस उन्हात! युक्ती नामी खरी. पण भाजून निघण्याची तयारी लागे.

१८१८ साली तेनार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने हायड्रोजन पेरॉक्साइड शोधून काढले आणि उन्हाची गरज संपली. अमोनियासारख्या क्षाराने केसावरील खवले उघडतात, पेरॉक्साइड आत शिरते आणि मेलॅनिनचा रंग घालविते. काळे मेलॅनिन आधी हार खाते, तांबूस-पिवळे चिवटपणे मागे राहते. म्हणून रंग काढलेले केस पितळी दिसतात. त्याबरोबर केसाला बळकटी देणारे गंधकाचे बंधही तुटतात आणि केस ठिसूळ होतो. प्रौढ स्त्रीने जाणत्या कारागिराकडून हे करवून घ्यावे न घ्यावे हा तिचा प्रश्न आहे. मुलांच्या डोक्यावर मात्र हा प्रयोग करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. लिंबाचा रस लावून उन्हात बसविण्याचा घरगुती उपायही निरुपद्रवी नाही. रस ओघळून कातडीवर आला आणि त्यावर ऊन पडले, तर फोड येतात आणि काळे डाग कित्येक आठवडे राहतात. कॅमोमाइलच्या फुलांचा काढा त्या मानाने सौम्य. पण तो केसाचा रंग काढीत नाही, वरून पिवळसर झाक देतो.

पितळी झाक मारण्यासाठी जांभळ्या रंगाचे शांपू मिळतात. त्यांचे रहस्य आपल्या प्रत्येक घरात ठाऊक आहे. पिवळट पडलेल्या धोतराला आपण नीळ घालतो, तेच हे!

राहिला आरोपींचा निवाडा. तेल निर्दोष आहे. तेलाने वा पाण्याने केस भिजला की त्यावरून उजेड कमी विखुरतो आणि तो गडद दिसतो, धुऊन वाळविला की पूर्ववत. साबणही सुटला. पाण्यावर मात्र आरोप शाबीत होतो, पण तो गडद करण्याचा नव्हे. २०११ साली दक्षिण स्वीडनमधील अँडर्सलॉव्ह या गावी काही सोनेरी केसांच्या रहिवाशांचे केस चक्क हिरवे झाले. शोधाअंती कळले की नव्या घरांच्या नळ्यांतील आणि तापकयंत्रांतील तांबे गरम पाण्यात उतरत होते. पोहण्याच्या तलावातही हाच प्रकार होतो आणि बिचाऱ्या क्लोरिनचे नाव होते. तलावात उतरण्यापूर्वी केस साध्या पाण्याने भिजवून टोपी घातली, तर ते तांबे केसांत फारसे शिरत नाही.

शेवटी आपल्याकडील एक गोष्ट सांगावयाची आहे. आपल्या गावांत, वस्त्यांत, कधी कधी एखाद्या दोन-तीन वर्षांच्या मुलाचे मूळचे काळे केस तांबूस, भुरकट, विरळ होऊ लागतात, आणि शेजारीपाजारी 'उन्हाने झाले' म्हणतात. केसांबरोबर मुलाचे पाय सुजले असतील, ते मलूल, किरकिरे झाले असेल, तर ऊन निमित्त नव्हे. अन्नातील प्रथिने कमी पडली आहेत. अशा मुलाला त्याच दिवशी दवाखान्यात न्यावे. त्याला पोटभर व योग्य अन्न मिळू लागले की मुळाकडून पुन्हा काळा केस उगवतो, आणि काही महिने त्याच्या डोक्यावर खाली काळा व वर तांबूस असे दोन पट्टे दिसत राहतात. काळ्या पट्ट्यावर मोजपट्टी धरली, तर मुलाला पोटभर मिळू लागून किती महिने झाले, हे सेंटिमीटरांत वाचता येते.