टपाल तेच, पेटी नवी

संगणकावर आलेलं टपाल ज्या प्रोग्रॅममध्ये आपण वाचतो आणि साठवतो, तो प्रोग्रॅमच बंद पडला तर त्याच्या जागी दुसरा कसा निवडायचा, याबद्दल आज बोलायचं आहे. काही जण म्हणतील, हा संगणकवाल्यांचा प्रांत, कवीनं त्यात कशाला डोकं घालावं? मी बी. ए. झालो तोही मराठी घेऊन. प्रोग्रॅम कसे लिहितात यातलं मला ओ की ठो कळत नाही. पण हा प्रश्न मुळात पत्रांचा आहे, आणि पत्रांतलं मला थोडंफार कळतं.

आज बहुतेकांचं टपाल मोबाइलवर किंवा ब्राउझरमध्ये उघडतं. पत्रं कुठल्यातरी दूरच्या यंत्रावर असतात आणि आपण खिडकीतून डोकावून ती वाचतो. १५ ऑगस्ट १९९५ला विदेश संचार निगमानं आपल्याकडे सर्वांसाठी इंटरनेट सुरू केलं, त्यानंतरची काही वर्षं चित्र वेगळं होतं. टेलिफोनच्या तारेवरून जोडणी व्हायची, मोडेम किंचाळायचा आणि घड्याळाच्या काट्याबरोबर फोनचं बिल वाढायचं. त्यामुळे जोडणी करायची, आलेली पत्रं भराभर आपल्या संगणकावर उतरवून घ्यायची, लिहून ठेवलेली धाडायची आणि लाइन तोडायची. मग चहा घेत सावकाश वाचत बसायचं. हे काम करणाऱ्या प्रोग्रॅमांमध्ये माझा आणि जगभरातल्या लाखो लोकांचा आवडता प्रोग्रॅम होता यूडोरा.

हे नाव एका लेखिकेचं आहे. अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात काम करणाऱ्या स्टीव्ह डॉर्नर यांनी १९८८ साली हा प्रोग्रॅम लिहिला. रात्रंदिवस टपालाचंच काम करताना आपण पोस्टातच राहायला आलो आहोत असं त्यांना वाटू लागलं आणि त्यावरून एक कथा आठवली. मिसिसिपीच्या यूडोरा वेल्टी या कथाकार बाईंची ती कथा १९४१ सालची. गावातलं चिमुकलं पोस्ट सांभाळणारी एक मुलगी घरच्यांशी भांडते आणि आपलं सामानसुमान उचलून थेट पोस्टात मुक्कामाला जाते. जाताना रेडिओसुद्धा घेऊन जाते, हे या माध्यमाच्या श्रोत्यांना ऐकून बरं वाटेल. वेल्टीबाई तेव्हा हयात होत्या. हयात लेखिकेचं नाव परस्पर वापरल्याचा डॉर्नर यांना पुढे संकोच वाटला, पण बाईंना त्याची गंमतच वाटली, असं सांगतात. आपल्याकडे लेखकाचं नाव चौकाला मिळतं, फार तर ग्रंथालयाला. टपालाच्या पेटीला मिळालेलं मला फार आवडलं आणि तेव्हापासून माझ्या लेखी यूडोरा ही ‘ती’च झाली.

१९९१ साली ती कॅलिफोर्नियातल्या क्वालकॉम कंपनीकडे गेली. पुढे तिची विंडोजवर चालणारी आवृत्ती निघाली, आणि आपल्यासारख्यांच्या घरी पोचली ती हीच. २००० साली तिच्यात एक मजेची सोय आली. पत्रातली भाषा तिखट असेल तर ती पत्राशेजारी मिरच्या दाखवायची, एक, दोन किंवा तीन. रागाच्या भरात लिहिलेलं पत्र धाडण्याआधी माणसानं विचार करावा, हा हेतू. अर्थात तिला कळायचं ते इंग्रजी. रोमन लिपीत लिहिलेल्या अस्सल कोल्हापुरी शिव्या एकाही मिरचीविना सुखरूप पोचत.

२००६च्या ऑक्टोबरात क्वालकॉमनं जाहीर केलं की यूडोराचं काम आता थांबणार. २००७च्या मे महिन्यापासून विक्रीही बंद झाली. कंपनीचा खरा धंदा मोबाइलच्या चिपांचा. त्या हिशेबात टपालाचा प्रोग्रॅम म्हणजे दुकानाच्या कोपऱ्यातला खडीसाखरेचा डबा. मग थंडरबर्ड नावाच्या दुसऱ्या प्रोग्रॅमवर यूडोराचा पेहराव चढवलेली एक आवृत्ती २०१० साली निघाली. जुन्या मंडळींना ती काही पटली नाही, आणि तीही थांबली. २०१८ साली मूळ यूडोराचा सोर्स कोड कॅलिफोर्नियातल्या कॉम्प्युटर हिस्टरी म्युझियमनं सर्वांसाठी खुला केला. त्यासाठी कंपनीशी बोलणी पाच वर्षं चालली होती. म्हणजे आता ती रीतसर संग्रहालयात आहे.

प्रोग्रॅम बंद पडला म्हणजे दुसऱ्या दिवशी उघडत नाही, असं नसतं. यूडोरा पुढे कित्येक वर्षं चालत राहिली. बदललं ते तिच्या भोवतालचं जग. टपाल ने-आण करताना जी सांकेतिक कुलपं लावतात, ती नवी आली आणि जुन्या किल्ल्या बसेनात. नुसता पासवर्ड देऊन आत शिरण्याची पद्धत मोठ्या कंपन्या बंद करत गेल्या. गुगलनं साध्या खात्यांसाठी ती ३० मे २०२२ला बंद केली. चोऱ्यामाऱ्या पाहता त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. पण म्हाताऱ्या प्रोग्रॅमला नव्या रीतीभाती शिकवणारं कुणी उरलेलं नव्हतं.

माझ्या दृष्टीनं त्याहून मोठी अडचण लिपीची होती. सुरुवातीला आम्ही सगळेच मराठी पत्रं रोमन लिपीत लिहायचो. त्यात ‘माळ’ आणि ‘माल’ एकच, ‘बाळ’ आणि ‘बाल’ एकच. कविता पाठवली की खाली तळटीप लिहावी लागे, की अमुक ओळीत मोगऱ्याची माळ आहे, गोदामातला माल नव्हे. काही जण छपाईचे मराठी फॉन्ट वापरून लिहीत आणि पत्रासोबत फॉन्टही धाडत. तो फॉन्ट आपल्याकडे नसला की समोर नुसती इंग्रजी अक्षरांची भेळ. पुढे युनिकोड आलं, म्हणजे प्रत्येक अक्षराला जगभर एकच ठरावीक क्रमांक मिळाला. विंडोज २०००पासून देवनागरीची सोय झाली आणि लोक हळूहळू मराठीत मराठी लिहू लागले. पण यूडोराला युनिकोड शेवटपर्यंत आलं नाही. देवनागरीतलं पत्र तिच्यात उघडलं की निरर्थक चिन्हांची रांग दिसायची. कुवेतला असलेला माझा मामेभाऊ उर्दूत लिहू लागला, त्याच्या पत्रांचीही तीच गत. इतकी सोयीची बाई, पण घरातली एकही भाषा तिला वाचता येईना. नवी पेटी शोधणं भागच होतं.

अशा वेळी लोक विचारतात की प्रोग्रॅम दिसायला कसा आहे, फुकट आहे का, मोबाइलवर चालतो का. या प्रश्नांत गैर काही नाही. मी मात्र आधी विचारतो की यातून पत्रं बाहेर कशी काढायची.

जुन्या घरांत पत्रं तारेला लावून ठेवत, ते काहींना आठवत असेल. खाली लाकडाची चकती, वर वाकवलेला आकडा. कार्ड वाचून झालं की खुपस तारेत. यूडोरा पत्रं अगदी तशीच ठेवायची. एका कप्प्यातली सगळी पत्रं एका फाइलमध्ये, एकाखाली एक. या पद्धतीला एमबॉक्स म्हणतात. ही फाइल साध्या नोटपॅडमध्येसुद्धा उघडते. प्रत्येक पत्राच्या डोक्यावर ‘फ्रॉम’ हा शब्द, पुढे प्रश्नचिन्हं, आणि मग मजकूर. कुठलं पत्र वाचलं, कुठल्याला कोणता रंग दिला, ही यादी शेजारच्या वेगळ्या फाइलमध्ये. यूडोरा गेली तरी तार शाबूत राहिली, ती या साधेपणामुळे.

याउलट मायक्रोसॉफ्टचं आउटलुक सगळी पत्रं एका मोठ्या गाठोड्यात बांधतं. त्या गाठोड्याची रचना कंपनीनं २०१० साली जाहीर केली, हे मान्य. तरी ते नोटपॅडमध्ये उघडून वाचता येत नाही. शिवाय त्याच घरातल्या फुकट टपालप्रोग्रॅमांची वंशावळ पाहा. आउटलुक एक्स्प्रेस विंडोज एक्सपीबरोबर संपला, २००७ साली व्हिस्टाबरोबर विंडोज मेल आला, मग विंडोज लाइव्ह मेल, तो २०१७ साली निवर्तला, आणि विंडोज १०मधल्या मेलचा आधार ३१ डिसेंबर २०२४ला काढून घेतला गेला. मोठ्या कंपनीचं आहे म्हणजे टिकेल, या समजुतीला हा इतिहास पुरेसा आहे.

मग द बॅट नावाचा, मोल्दोव्हा देशात तयार होणारा प्रोग्रॅम पाहिला. नाव वटवाघळाचं, काम चोख, पण पैसे मोजावे लागतात आणि पत्रं तो आपल्या पद्धतीनं ठेवतो. न्यूझीलंडच्या डेव्हिड हॅरिस यांचा पेगॅसस मेल १९९०पासून फुकट मिळत आला आहे. यूडोराच्या पाठोपाठ, २००७च्या जानेवारीत, हॅरिस यांनीही काम थांबवत असल्याचं सांगितलं होतं. वापरणाऱ्यांनी इतका गलका केला की त्यांनी ते पुन्हा हाती घेतलं. माणूस मला फार आवडला. पण एका माणसाच्या खांद्यावर सगळा भार असावा, याची धास्ती वाटली.

शेवटी थंडरबर्डवर येऊन थांबलो. २००४च्या डिसेंबरात त्याची पहिली पक्की आवृत्ती आली. २०१२ साली मोझिला या त्याच्या पालक संस्थेनंच हात आखडता घेतला होता, म्हणजे यानंही मरण जवळून पाहिलेलं आहे. स्वयंसेवकांनी तो धरून ठेवला, आणि आता तो मुख्यतः वापरणाऱ्यांच्या देणग्यांवर चालतो. पत्रं तो तारेलाच लावतो, एमबॉक्समध्ये. देवनागरी नीट दाखवतो, उर्दूही उजवीकडून डावीकडे व्यवस्थित. रूप म्हणाल तर सरकारी कचेरीचं. २०२३ साली रंगरंगोटी झाली, तरी मिरच्या नाहीतच.

माझा एक तरुण मित्र म्हणतो, एवढा खटाटोप कशाला, सगळं जीमेलवर राहू द्या. त्याला उत्तर म्हणून एक गोष्ट सांगतो. आमचे एक ज्येष्ठ कवी मित्र होते. त्यांचं नाव इथे घेत नाही. २००० ते २००९ या काळात आमचा नियमित पत्रव्यवहार होता आणि त्यातला निम्मा एकेका शब्दावरच्या भांडणाचा. ते गेले. त्यांच्या खात्याचा पासवर्ड घरात कुणालाच माहीत नव्हता. बऱ्याच सेवांचा नियम असा असतो की ठरावीक काळ खातं उघडलं नाही तर ते पुसायचं. गुगलनं २०२३च्या डिसेंबरपासून ही मुदत दोन वर्षांची केली आहे. मेलेला माणूस खातं कसं उघडणार? त्यांनी मला लिहिलेली आणि मी त्यांना लिहिलेली पत्रं आज शिल्लक आहेत, ती माझ्या संगणकावर, यूडोराच्या तारेला लावलेली, म्हणून.

हाच मुद्दा नव्या प्रोग्रॅमची मांडणी करतानाही येतो. खातं जोडताना तो विचारतो, पॉप की आयमॅप? पॉप म्हणजे पत्र घरी आणणं. आयमॅप म्हणजे दूरच्या यंत्रावरच्या पत्रांचं आरशातलं प्रतिबिंब. मोबाइल आणि संगणक दोन्ही वापरणाऱ्यांना आयमॅप सोयीचं, मीही तेच घेतलं. पण तिकडे पत्र पुसलं की आरशातूनही जातं. जपायची पत्रं म्हणूनच मी ‘लोकल फोल्डर्स’ या कप्प्यात हलवतो आणि महिन्याला एकदा तो कप्पा वेगळ्या डिस्कवर उतरवतो.

प्रत्यक्ष स्थलांतराला तीन संध्याकाळी लागल्या. आधी यूडोराचं अख्खं फोल्डर दोन ठिकाणी कॉपी केलं. ते झाल्याशिवाय कशालाही हात लावू नये. थंडरबर्डमध्ये एके काळी यूडोराची पत्रं थेट आत घेण्याची सोय होती, हल्लीच्या आवृत्त्यांत ती नाही. एमबॉक्सच्या फाइली आत घेणारी एक फुकट जोड मिळते, तिच्यावर काम भागलं. सुमारे अकरा हजार पत्रं आली. वाचल्याच्या खुणा मागे राहिल्या, त्यामुळे सगळीच्या सगळी ठळक अक्षरांत, न वाचलेली म्हणून. वीस-बावीस वर्षांपूर्वीची लग्नाची आमंत्रणं आणि संपादकांचे नकार पुन्हा ताजे होऊन समोर उभे. जोडलेल्या फाइली मात्र पत्रांत नव्हत्या. यूडोरा त्या पत्रातून काढून ‘अटॅच’ नावाच्या वेगळ्या फोल्डरात ठेवायची आणि पत्रात फक्त पत्ता लिहायची. तो पत्ता जुन्या संगणकाचा, त्यामुळे नव्यावर चुकीचा. ते फोल्डर तसंच ठेवलंय. लागेल तेव्हा नाव वाचून फाइल शोधतो.

छपाईच्या फॉन्टमधली पत्रं उरली, आणि त्यांतली बरीचशी त्या ज्येष्ठ मित्राची. थंडरबर्डला ती इंग्रजीच वाटतात. तो जुना फॉन्ट माझ्याकडे आहे. सेटिंगमध्ये इंग्रजी मजकुरासाठी तोच फॉन्ट निवडला की पडद्यावर मराठी उमटतं, मात्र तेवढा वेळ बाकीच्या इंग्रजी पत्रांचा चुराडा होतो. शिवाय शोध घेतला तर त्यातलं काहीच सापडत नाही, कारण आतून ती इंग्रजी अक्षरंच असतात. असे फॉन्ट युनिकोडमध्ये उतरवणारे प्रोग्रॅम मिळतात, पण या फॉन्टच्या जोडाक्षरांशी मला मिळालेल्या प्रोग्रॅमचं जमेना. म्हणून दर रविवारी त्यांची दोन-तीन पत्रं पडद्यावर उघडतो आणि शेजारी देवनागरीत टाइप करून घेतो. त्रेचाळीसपैकी एकोणीस झाली. सध्या २००१च्या जूनमधलं हाती आहे. माझ्या एका कवितेतला ‘किनारा’ काढून तिथे ‘काठ’ घ्यावा, असा त्यात त्यांचा सव्वा पान आग्रह आहे.